आग लागली की अख्खं गाव धावतं, पण त्या धावण्यासाठी हृदय तयार असतं का?

मार्चमधली दुपार. तोडणीला आलेला ऊस, खाली वाळलेलं पाचट आणि फडावरून गेलेल्या, झोळ पडलेल्या विजेच्या तारा. वारा सुटतो, तारेला तार घासते, ठिणगी पडते. माजलगाव, गेवराई, परळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

कोणीतरी ओरडतं, कोणीतरी वायरमनला फोन लावतं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो आणि थोड्याच वेळात बांधावर माणसं जमतात. कोणाच्या हातात लिंबाचा डहाळा, कोणाच्या हातात कोयता, कोणी फवारणीचा ब्लोअर जोडून ट्रॅक्टर आणलेला. आगीच्या पुढचा ऊस आडवा करून मोकळा पट्टा पाडायचा, म्हणजे आग तिथं अडते. बंब येईपर्यंत, आणि बऱ्याचदा बंब आल्यावरही, हे काम गावच करतं.

या माणसांना आपल्याकडे काही नाव नाही. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियात पगार न घेता आग विझवायला जाणाऱ्यांना स्वयंसेवक अग्निशामक म्हणतात. अमेरिकेतले जवळपास दोन तृतीयांश अग्निशामक असे आहेत. चिलीमध्ये तर अग्निशमन दलातले जवळपास सगळेच बिनपगारी. या लोकांचा अभ्यास झाला तेव्हा जे समोर आलं, ते बीडच्या बांधावर धावणाऱ्या माणसालाही तितकंच लागू आहे. आग विझवणाऱ्याचा जीव घेणारं एक मोठं कारण त्याच्या स्वतःच्या छातीत असतं.

बंब यायला उशीर का होतो?

आधी हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांच्या कामांची यादी आहे, त्यात अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिलेत, त्यात अग्निशमन नाही. म्हणजे शहराला बंब आणि गावाला शेजारी, अशी ही सरळ विभागणी.

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर. तालुके ११, गावं तेराशेहून जास्त. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर या सहा नगरपरिषदा, बाकी तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती. काही साखर कारखान्यांकडे स्वतःचा बंब असतो, पण तोही कुठूनतरी निघूनच यायचा असतो. बालाघाटच्या डोंगरातल्या वस्तीवर कडब्याची गंजी पेटली तर बंब पोहोचेपर्यंत राख उरते. त्यामुळे धावायचं की नाही, हा प्रश्न गावात कोणी विचारतच नाही. ऊस म्हणजे वर्षाचे पैसे आणि कडबा म्हणजे उन्हाळ्यातला चारा.

भाजून मृत्यू की हृदय बंद पडून?

अग्निशामकाचा मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. त्याला कारणही आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा दिन असतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीनंतर मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले.

पण हार्वर्डचे डॉ. स्टेफनोस केल्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत कामावर मरण पावलेल्या अग्निशामकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. एकूण १,१४४ मृत्यूंपैकी ४४९, म्हणजे ३९ टक्के, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने झाले होते. हा अभ्यास २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि आजही या विषयावरचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास आहे.

यातला खरा धक्का पुढे आहे. अग्निशामकाच्या एकूण वेळेपैकी प्रत्यक्ष आग विझवण्यात जातो तो जेमतेम १ ते ५ टक्के. पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या तेवढ्याशा वेळात झाले. केंद्रात साधं काम करताना जो धोका असतो, त्याच्या तुलनेत आग विझवताना तो १० ते १०० पट होता. आणि १७ टक्क्यांहून जास्त मृत्यू आगीवरून परतताना झाले. आग विझलेली, माणूस गाडीत बसलेला, सगळ्यांना वाटतंय की संपलं.

शरीरात नेमकं काय होतं?

समजा पन्नाशीचे एक आप्पा दुपारी जेवून लिंबाखाली पडलेत. आरडाओरडा ऐकून ते उठतात आणि पळत सुटतात. त्या क्षणी ॲड्रेनलिन रक्तात उसळतं, नाडी आणि रक्तदाब एकदम वर जातात. खेळाडू शर्यतीआधी अंग गरम करून घेतो, आप्पांना ती सोय नाही.

मग आगीची धग. बाहेर ऊन चाळिशीच्या आसपास, समोर पेटता फड. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्याच वेळी पाय आणि हातांचे स्नायूही रक्त मागतात. घामावाटे पाणी जातं, रक्तातला द्रव कमी होतो, रक्त दाट होतं. हृदयाला कमी रक्तात जास्त काम करावं लागतं.

वर धूर. अर्धवट जळणाऱ्या पाचटातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. म्हणजे हृदयाला ऑक्सिजनची सगळ्यात जास्त गरज असताना रक्त कमी ऑक्सिजन वाहून नेतं. तोंडाला ओला गमछा बांधला की काम भागतं असं आपल्याला वाटतं. त्याने काजळी थोडी अडते, हा वायू अडत नाही. त्याला वासही नाही आणि रंगही नाही.

एडिनबरामध्ये २०१७ साली १९ निरोगी अग्निशामकांवर एक प्रयोग झाला. त्यांना खोट्या आगीच्या सरावात उतरवलं आणि आधी-नंतर रक्त तपासलं. शरीराचं तापमान वाढलं होतं, रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटली होती आणि रक्तात गुठळी होण्याचं प्रमाण वाढलं होतं. हे लोक धडधाकट होते. ज्याच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचलाय, त्याच्या बाबतीत हीच गुठळी झटक्याचं कारण ठरू शकते. काम थांबल्यावरही रक्तातले हे बदल लगेच ओसरत नाहीत, परतीच्या वाटेवरच्या मृत्यूंचं एक कारण हेच मानलं जातं.

पगारी जवानाकडे बूट, कोट, हेल्मेट आणि श्वसनाचं उपकरण असतं. त्या सगळ्याचं वजन वीस किलोच्या पुढे जातं, तो ताण वेगळा. बांधावरच्या माणसाच्या अंगात शर्ट आणि पायात चप्पल. वजनाचा ताण नाही, पण धुरापासून संरक्षणही नाही.

'शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?'

हे वाक्य बीडमध्ये कुठल्याही पारावर ऐकू येईल. त्यात तथ्य आहेच. ऊसतोड करणारा माणूस दिवसभर जे वाकतो, तोडतो, मोळी बांधून डोक्यावर वाहतो, ते जिममधल्या कोणालाही झेपणार नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी अशा तालुक्यांतली लाखो धडधाकट माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला गेलेली असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसं, लहान पोरं आणि काही बाया. गंजी किंवा छप्पर पेटण्याचा हंगामही नेमका हाच, सगळं वाळलेलं असतं तेव्हा. म्हणजे धावणाऱ्यांचं सरासरी वय त्याच काळात वाढतं. हा कुठल्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष नाही, माझा साधा हिशेब आहे, पण तुमच्या गावात मोजून बघा.

दुसरी गोष्ट, कष्टाने तंबाखू धुऊन निघत नाही. मळून तोंडात टाकलेली तंबाखूसुद्धा नाडी आणि रक्तदाब वाढवते. २००४ च्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं मधलं वय ५३ होतं, बाकी जगात ते ५९ च्या आसपास होतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात ३५ टक्क्यांहून जास्त प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे अनेकांना तो आहे हेच माहीत नसतं.

आणि गाव बदललंय हेही मान्य करायला हवं. नांगरट ट्रॅक्टरने, पाणी मोबाईलवरून मोटर चालू करून आणि शेतात जायचं ते बाईकवर. हातात फावडं असलेला शेतकरी अजून आहे, पण दिवसभर दुकानात किंवा सेवा केंद्रात बसणारा माणूसही त्याच गावात आहे आणि आग लागल्यावर दोघंही तितक्याच जोरात पळतात.

भरतीपुरता फिटनेस

बीडला पळण्याचं वेड नवीन नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटर जायचा, पुढे सैन्यात गेला आणि ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पहाटे पाच वाजता बीडच्या कुठल्याही रस्त्यावर जा, पोलीस आणि सैन्यभरतीची पोरं धावताना दिसतील.

अडचण एवढीच की आपल्याकडे धावणं हे भरतीला जोडलेलं आहे. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि १०० मीटर धावणं, गोळाफेक असते. खुल्या गटाला वयाची अट २८, मागास प्रवर्गांना ३३. वय संपलं की बूट माळ्यावर जातात. चाळिशीत आगीमागे धावणारा माणूस हा बऱ्याचदा दहा-बारा वर्षांपूर्वी पळणं सोडलेला जुना भरतीवाला असतो. मनात तो अजून १,६०० मीटर मारत असतो.

हाच प्रकार यंत्रणेतही आहे. मुंबई अग्निशमन दलाच्या २०२३ च्या भरतीत पुरुषांना ३ मिनिटांत ८०० मीटर धावणं, १९ फुटांवरून जम्पिंग शीटमध्ये उडी, ५० किलोचा पुतळा उचलून नेणं अशा चाचण्या होत्या. कडक चाचणी, पण ती नोकरीच्या दारातली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं त्या माणसाने त्याच कामासाठी तंदुरुस्त राहायचं असतं.

होमगार्ड हे आपल्याकडचं स्वयंसेवकाच्या सगळ्यात जवळचं रूप. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात सुरू झालेली ही मानसेवी संघटना. नोंदणीचं वय २० ते ५०, नोंदणीवेळी पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. बंदोबस्ताशिवाय आपत्तीतही त्यांना बोलावलं जातं. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत निवडलेल्या जिल्ह्यांत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. या दोन्हींकडे किमान वयाची काही चौकट आहे. बांधावर धावणाऱ्याला तीही नाही.

४० जोर मारले की झटका येत नाही?

हे रील तुम्हीही पाहिलं असेल. '४० पुश-अप्स मारा, हार्ट अटॅक विसरा.' याचं मूळ २०१९ च्या एका खऱ्या अभ्यासात आहे आणि तो अभ्यास अग्निशामकांवरच झाला होता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या १,१०४ पुरुष अग्निशामकांना दहा वर्षं पाहिलं गेलं. ज्यांना सुरुवातीला ४० हून जास्त जोर मारता आले, त्यांना दहाही न जमलेल्यांच्या तुलनेत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ९६ टक्के कमी दिसला.

आकडा जबरदस्त आहे, पण रील काय लपवतं ते बघा. दहा वर्षांत अशा घटना एकूण ३७ च घडल्या, म्हणजे आकड्यांचा पाया छोटा. सहभागी सगळे पुरुष आणि आधीच नोकरीत फिट. जोर हे कारण होतं असं अभ्यास म्हणत नाही. ज्याला ४० जमतात त्याचं वजन आटोक्यात असतं, दम चांगला असतो, तो व्यायाम करतो, एवढंच ते दाखवतं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने रील बघून उद्या सकाळी ४० मारायला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

एकदम ताण घेण्याचं काय होतं हे झारखंडमध्ये दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत तासाभरात १० किलोमीटर धावायचं होतं. त्या चाचण्यांदरम्यान किमान १२ उमेदवारांचा मृत्यू झाला. ती तरुण मुलं होती.

मग करायचं काय?

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी गावाजवळच्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पोटाचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर ती पहिली सूचना समजा. पुढची तपासणी लागली तर जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली की 'आता बरं वाटतंय' म्हणून ती बंद करायची नाही. हे लिहायला सोपं आहे, पण सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

व्यायामाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. झपझप चालणं पुरतं, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. महिनाभर ते जमलं की मध्ये मध्ये थोडं पळणं. छातीत दुखतं, चढावर दम लागतो किंवा घरात कमी वयात कोणाला झटका आलाय, तर आधी डॉक्टर आणि मग पळणं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे एसी ऑफिसातून सुट्टीला गावी आलेल्याने पहिल्याच दिवशी फडात उडी घेऊ नये.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र व्यायामाची नाही, कामवाटपाची आहे. गावाने हे आधीच ठरवून ठेवावं. ज्याला स्टेंट बसलाय, बायपास झालंय किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्याने डहाळा घेऊन पळायचं नाही. त्याने १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा, महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्यायची, बंबाला रस्ता दाखवायला फाट्यावर उभं राहायचं. ही कामं कमी महत्त्वाची नाहीत. लाईन बंद झाल्याशिवाय तारांच्या दिशेने पाणी मारणं हा तर वेगळाच जीवघेणा प्रकार आहे.

आगीवर जे जातील त्यांनी वारा पाठीशी ठेवायचा, धुरात शिरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांनी मागे यायचं, पाणी प्यायचं आणि दुसऱ्याला पुढे पाठवायचं. आग विझल्यावर कोणालाही एकट्याने बाईकवर घरी पाठवू नका. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, मळमळ ही लक्षणं तेव्हाच दिसतात. आपल्याकडे याला पटकन 'पित्त झालंय' म्हणतात आणि सोडा पाजतात. मधुमेही माणसांत आणि बायकांमध्ये तर छातीत दुखणं नसतंही, नुसता दम आणि गळाठा असतो. अशा वेळी लगेच १०८. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मध्यभागी तळहाताने मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. हात दुखले तर माणूस बदलायचा, दाबणं चालू ठेवायचं.

आणि त्यात कोणी गेलंच तर?

अमेरिकेत २००३ मध्ये एक कायदा झाला. अशा कामात जोराचा ताण घेतल्यानंतर २४ तासांच्या आत झटका आला किंवा पक्षाघात झाला, तर विरुद्ध पुरावा नसेल तोवर तो मृत्यू कर्तव्यावरचा मानायचा आणि कुटुंबाला मदत द्यायची, असं त्यात ठरलं. बिनपगारी स्वयंसेवकही त्यात येतात.

महाराष्ट्रात शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूत कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का, वीज पडणं, सर्पदंश हे त्यात येतात. नैसर्गिक मृत्यू येत नाही, आणि हृदयविकाराचा झटका कागदावर नैसर्गिक मृत्यूच असतो, मग तो शेजाऱ्याचा पेटता फड विझवताना आलेला का असेना.